मानेचा पट्टा आणि चाचांची सीताफळं

त्या दिवशी मला मागून कुणीही ठोकलं नव्हतं. मीच गाडी मागं नेऊन ठोकली होती, आणि नंतर दीड महिना मानेला पट्टा बांधून सगळ्यांना उलटं सांगत फिरलो. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

उमापूरला माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. नवी गाडी घेतली तेव्हा तिच्यात पहिल्या गिअरच्या अगदी शेजारी रिव्हर्स निघाला. जुन्या गाडीत तो पार दुसऱ्या कोपऱ्यात होता. शिवाय गाडी मागं घेताना वाजणारी एक धून मी हौसेनं बसवून घेतली होती. ती ऐकली की लहान लग्नातला बँड लांबून येतोय असं वाटायचं. बायको म्हणायची, "अहो, लाज वाटते हो या आवाजाची." मला मात्र ती लई आवडायची.

गेवराईहून परत येताना रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला. दसरा होऊन गेला की आमच्याकडच्या रस्त्यांवर मेंढ्यांचंच राज्य असतं. सगळ्या गाड्या थांबल्या. कळपाच्या मधोमध एक तट्टू चाललं होतं, त्याच्या पाठीवरच्या पोत्यातून एक कोकरू डोकं काढून आमच्याकडे बघत होतं. बायकोनं मोबाईल काढून त्याचा व्हिडिओ सुरू केला. आमच्या मागं सीताफळांनी भरलेला एक पिकअप उभा होता. शेवटची मेंढी गेली, मेंढपाळानं काठी हलवली, मी गिअर टाकला, क्लच सोडला आणि कोकराकडे बघत ऐटीत मागं गेलो.

धप्प.

मान सीटवर आपटली. धून अजून वाजत होती. मी खाली पाहिलं, हात रिव्हर्सवर होता. घाईघाईनं गिअर काढला, धून थांबली. मेंढ्यांच्या ओरडण्यात ती कुणाला ऐकूही गेली नव्हती, शेजारी कोकरात गुंगलेल्या बायकोलाही नाही.

पिकअपमधून मेंदी लावलेल्या दाढीचे एक म्हातारे चाचा धावतच आले. मी दार उघडायच्या आधीच त्यांनी हात जोडले होते. "माफ करा शेठ, गलती झाली माजी. सीताफळ पायापाशी पडलं व्हतं, ते उचलाया वाकलो, अन् क्लचवरचा पाय सुटला वाटतं."

माणसं जमलीच. रस्त्यावर ठोकाठोकी झाली की आमच्याकडे पोलिसांच्या आधी पंच जमतात. मोटारसायकलवरचा एक पोरगा म्हणाला, "काय चाचा, डोळे घरी इसरलात का?" मेंढपाळ म्हणाला, "मागून लागली न्हवं? मंग मागल्याचीच चूक." सगळ्यांनी माना हलवल्या. इतका झटपट निकाल मी आयुष्यात पाहिला नाही.

मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बायकोनं विचारलं, "अहो, मान दुखतेय का?" मी म्हणालो, "दुखतेय." तेही खरंच होतं. ते एक खरं बोलून झाल्यावर दुसरं बाहेरच आलं नाही.

डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि चार-पाच दिवस बांधा म्हणाले. खरं तर दोन दिवसांत मान ठणठणीत झाली. पण तोवर बीडहून माझा मेव्हणा येऊन बसला होता. तो कोर्टाच्या आवारात लोकांचे अर्ज लिहून देतो आणि स्वतःला वकिलांपेक्षा वरचा समजतो. "दाजी, पट्टा काढायचा नाही," तो म्हणाला. "पट्टा गेला की दावा गेला. मागून धडक म्हणजे मागच्याची चूक, जगात कुठंही जा. त्यांच्या विम्यातून नुकसानभरपाई काढून देतो. म्हाताऱ्याच्या खिशातून काही जाणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी उशाखाली घेऊन झोपायचो. पट्ट्यामुळे उशी तशीही लागत नव्हती.

पट्ट्याबरोबरचं जगणं म्हणजे एक तमाशाच होता. मान हलत नसल्यामुळे मला 'हो' म्हणता येईना. गिऱ्हाईक विचारायचं, "हे औषध तुरीला चालतंय का?" मी गप्प बघत राहायचो, आणि ते घाबरून औषध परत ठेवायचं. कुणी हाक मारली की मी अख्खा वळायचो, आणि माझ्या पोटानं टेबलावरची बियाण्यांची पाकिटं खाली पडायची. एका लग्नात नवरदेवाच्या बापाला वाटलं, मी त्यांना बघून तोंड फिरवलं. तोंड फिरवता येत असतं तर मी पंगतीत जिलेबी कुठं आहे ते नसतं का बघितलं?

सगळ्यात मोठी भीती कोकराच्या व्हिडिओची होती. बायकोनं तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात मेंढ्यांच्या आवाजामागं, नीट कान दिला तर, माझी धून स्पष्ट वाजते आणि मग धप्प होतं. बायको आल्या-गेल्याला तो व्हिडिओ दाखवायची, आणि धून आली की मी जोरात खोकायचो. इतक्या वेळा खोकलो की मेव्हणा म्हणाला, "दाजी, घशालाही मार लागलाय. खोकला पण धरू दाव्यात." तोच मेव्हणा, ज्यानं त्या व्हिडिओखाली तीन लाल बदाम टाकले होते.

आणि दर बाजाराच्या दिवशी चाचा यायचे. पिकअप दुकानासमोर लावायचे, निवडून आणलेल्या सीताफळांची पाटी आत ठेवायचे आणि विचारायचे, "मान कशी हाय, शेठ?" मी म्हणायचो, "आहे आपली." ते मान खाली घालून म्हणायचे, "अल्लाच्या मेहेरबानीनं बरी होईल. तुमचे मेव्हणेसाहेब म्हणतील तिथं सही करतो मी." मग आम्ही घरी सीताफळं खायचो. ती इतकी गोड असायची की मला रडू यायचं. खाताना बिया पट्ट्यात पडायच्या, आणि रात्री कूस बदलली की त्या टोचायच्या. मला वाटायचं, हीच माझी शिक्षा आहे. शिक्षा इतकी स्वस्त असती तर काय पाहिजे होतं.

एका बाजाराच्या दिवशी चाचा पिकअपमधून आले नाहीत. ते एका खचाखच भरलेल्या जीपमधून उतरले, मांडीवरची पाटी सांभाळत, एक पाय आधी खाली टेकवून चाचपत. मी विचारलं, "चाचा, गाडी कुठंय?"

"पोरानं चावी घेतली," ते म्हणाले. त्यांच्या पोराचं गेवराईत गॅरेज होतं. "त्यानं क्लच खोलून पाहिला, ब्रेक पाहिला. म्हणला, अब्बा, गाडीत काईच दोष न्हाई, म्हंजे दोष तुमच्या पायात हाय. उद्या एखादं लेकरू आलं पुढं तर?" ते हसले, पण ते हसू दाढीतच राहिलं. "बरोबर हाय त्याचं. जवानीपासून चालवतोय मी, कधी साधं खरचटलं न्हाई. पण पायच सुटला तर कुणाला काय म्हणायचं? आता घरात बसायचं."

ते गेल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत खतांच्या पोत्यावर बसलो. चाचा आता स्वतःच्या पायाकडे संशयानं बघत होते. पट्टा तिथंच काढला, तर आतून एक बी पडली.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती आधी थक्क झाली, मग इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग एकदम थांबून म्हणाली, "उद्या सकाळीच जायचं. आणि माझ्या भावाला फोन लावा." मी मेव्हण्याला दावा टाकू नको म्हणून सांगितलं. तो ओरडला, "दाजी, कावून? सगळे कागद तयार हायत!" चिडला की त्याची बीडची बोली बाहेर येते.

गेवराईत चाचांच्या घरी गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते, पोरगा गॅरेजला निघायच्या तयारीत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "चाचा, तुमचा पाय सुटला नव्हता. रिव्हर्स माझाच पडला होता."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "शेठ," ते म्हणाले, "तुमी लई मोठ्या मनाचे. पण माज्यासाठी खोटं बोलू नका."

"अहो, खरं सांगतोय!"

"पोराला समजवाया आलाव तुमी. पट्टा पण काढून आलाव. मान दुखत असेल. बसा, बसा."

पोरगाही भारावून गेला. आतून चहा आला, वर मोठी बशी भरून सीताफळं आली. मी जितक्या जोरात नाही म्हणत होतो, तितका मी थोर ठरत होतो. दीड महिन्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो, आणि कुणी मानायलाच तयार नव्हतं. शेवटी बायको म्हणाली, "थांबा. माझ्याकडे कोकराचा व्हिडिओ आहे."

तिनं आवाज पूर्ण वाढवला. कोकरू आलं. मेंढ्या ओरडल्या. या खेपेला मी खोकलो नाही. त्या ओरडण्यामागून माझा बँड वाजू लागला, आणि मग धप्प.

पोरानं मोबाईल हातात घेऊन पुन्हा लावला. मग उठून फाटकाबाहेर उभ्या माझ्या गाडीत बसला आणि रिव्हर्स टाकला. तीच धून गल्लीभर वाजली. समोरच्या घरातली दोन लेकरं बाहेर येऊन नाचायला लागली.

चाचांनी आधी पोराकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. पाय एकदा उचलून खाली ठेवला. आणि मग ते हसायला लागले, असे की खाटेची दोरी करकरली. "याला काय गाडी म्हणायचं का वरात?" पोरगा आत जाऊन चावी घेऊन आला आणि त्यानं ती अब्बांच्या मांडीवर ठेवली. चाचा मुठीत चावी घट्ट धरून अजून हसतच होते. मला तेवढ्यावर सुटता आलं असतं. हसण्यात सगळं विरून गेलं असतं.

मी त्यांच्या खाटेपाशी खाली बसलो. मान पूर्ण वाकवली, ती आता चांगली वाकत होती.

"चाचा," मी म्हणालो, "चुकून गाडी मागं गेली, ते वेगळं. पण तुम्ही हात जोडून उभे होता आणि मी गप्प बसलो. तुमची चावी जाईपर्यंत मी तुमची सीताफळं खात राहिलो. मला माफ करा."