सुरेखाबेनचे एक्केचाळीस बदल

सुरेखाबेन बोरसे आमच्या ऑफिसात आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मला तो झोंबला. मी त्यांना कॉम्प्युटरवर आमच्या प्रोग्रामची जागा उघडून दाखवली होती. आत सतरा फोल्डर होते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल प्रसाद’, ‘फायनल प्रसाद दिवाळीनंतर’, अशी त्यांची नावं. सुरेखाबेननी पडद्यावर बोट ठेवून सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, “यातलं चालू कोणतं?”

“ते मला विचारायचं,” मी म्हणालो.

“आणि तुम्ही सुट्टीवर असले तर?”

“मी सुट्टी घेत नाही.”

त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, माझं उत्तर त्यांना पटलं. ते पटलेलं नव्हतं हे कळायला मला महिना लागला.

आमचं ऑफिस सुरतेत, पर्वत पाटिया भागात, कापडाच्या एका मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर. माणसं अकरा. डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या मिलना लागणारा प्रोग्राम आम्ही बनवतो: कोणता लॉट कुठं आहे, कोणत्या शेडला कोणता रंग किती घालायचा, अशा नोंदींचा. हा प्रोग्राम मुळात मी एकट्यानं लिहिलेला. मालक जिग्नेशभाई आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, “आ प्रसादभाईनुं मगज छे,” म्हणजे हे सगळं याच्या डोक्यातून आलेलं. माझे वडील बँकेत होते, त्यांच्या बदलीमुळे आम्ही नाशिकहून सुरतेला आलो आणि इथलेच झालो. घरात पुस्तकं होती, कॉम्प्युटर शाळेत असतानाच आला, इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. आपण ऑफिसातले पहिले आहोत हे मी कधी तपासून पाहिलं नव्हतं. तपासायची वेळच आली नव्हती.

सुरेखाबेन सुरतेतल्याच, मिलवस्तीच्या पांडेसऱ्याच्या. वडील धुळ्याकडून आलेले, तीस वर्षं डाइंग मिलमध्ये मशीनवर उभे राहिलेले. त्या स्वतः बारावीनंतर मिलच्या लॅबमध्ये लागल्या. कापडाचे छोटे तुकडे रंगवून शेड जुळतेय का ते पाहायचं, हे काम. ते करता करता बाहेरून पदवी घेतली, प्रोग्रामिंग शिकल्या आणि चौतिसाव्या वर्षी आमच्याकडे आल्या. फोनवर आईशी अहिराणीत बोलत, ऑफिसात गुजराती, माझ्याशी मराठी. सगळे त्यांना सुरेखाबेन म्हणत, म्हणून मीही. त्या मला प्रसादभाऊ म्हणायच्या.

महिन्याभरानं त्यांनी जिग्नेशभाईंसमोर गिटची गोष्ट काढली. म्हणजे सगळ्यांचा कोड इंटरनेटवर एका जागी ठेवायचा. प्रत्येकानं त्याची आपली वेगळी शाखा काढून तिच्यात काम करायचं, दुसऱ्या कोणीतरी ते तपासायचं आणि मगच मुख्य कोडमध्ये मिसळायचं. प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी केला, कधी केला आणि कशासाठी केला याची नोंद राहते. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असून मी आणलं नव्हतं, कारण सतरा फोल्डरांतलं चालू कोणतं हे फक्त मला ठाऊक असण्यात माझं महत्त्व होतं. मी म्हणालो, “अकरा माणसांना एवढं कशाला हवंय?” सुरेखाबेन शांतपणे म्हणाल्या, “लॅबमध्ये आम्ही चुकलेला तुकडापण फाईलला चिकटवायचो, भाऊ. फेकायचा नाही. त्याच्याखाली लिहायचं, कसाले चुकला. नाहीतर दुसऱ्या पाळीचा माणूस तेच परत करतो.” जिग्नेशभाईंना ते पटलं आणि ऑफिसात गिट आलं.

‘कसाले’ म्हणजे कशाला, का. हा शब्द पुढे आमच्या ऑफिसात गुजराती पोरांच्याही तोंडी बसला. कोणाचाही बदल सुरेखाबेनकडे तपासायला गेला आणि सोबतची नोंद अपुरी असली की त्या एवढा एकच शब्द लिहून परत पाठवायच्या. त्यांचं म्हणणं, “काय बदललं ते मशीन दाखवतंच. का बदललं ते मशीनला ठाऊक नाही. ते माणसानं लिहावं.” त्यांच्या स्वतःच्या नोंदी वाचण्यासारख्या असत. दोन-तीन ओळी, साधं इंग्रजी, पण वाचताना माणूस शेजारी बसून सांगतोय असं वाटे. माझ्या नोंदी ‘किरकोळ दुरुस्ती’ अशा. मी रोज सकाळी चहाच्या आधी गिटवरचं त्यांचं पान उघडून आदल्या दिवशी त्यांनी काय केलं ते पाहायचो. चांगलं निघालं की माझा चहा कडू व्हायचा.

त्यांचे बदल तपासायचं काम बहुधा माझ्याकडे यायचं. मी ते दोन-दोन दिवस अडवून ठेवायचो. ‘इथे एक जागा जास्त सुटलीय’, ‘हे नाव जरा लांब वाटतं’, असले शेरे मारायचो. त्या प्रत्येक शेऱ्याखाली ‘केलं’ असं लिहून तासाभरात परत पाठवायच्या. एकदाही वाद घातला नाही. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये मोरपंखी रंगाचे तीन लॉट फिके निघाले. आमच्या प्रोग्रामनं रंगाची वजनं चुकीची छापली होती. जिग्नेशभाईंनी सगळ्यांना उभं केलं, जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. सुरेखाबेन खुर्ची ओढून बसल्या. गेल्या दोन महिन्यांत शंभरावर बदल झाले होते. त्यांनी बरोबर मधला बदल घेतला आणि तिथपर्यंतचा प्रोग्राम चालवून पाहिला. वजन बरोबर आलं, म्हणजे चूक नंतरची. उरलेल्यांतला मधला घेतला. असं अर्धं अर्धं करत त्या सात पावलांत एका बदलापर्यंत पोचल्या. तो माझा होता. दशांश चिन्हानंतरचे आकडे मी कमी केले होते आणि नोंद लिहिली होती, ‘किरकोळ दुरुस्ती’.

त्यांनी पडदा बंद केला आणि मला जिन्यात बोलावलं. “भाऊ, तुम्हीच सांगा सगळ्यांना. मी सांगितलं तर ती चुगली होईल. तुम्ही सांगितलं तर नुसती चूक राहील.”

मी सांगितलं. सगळे आपापल्या कामाला लागले. पण घरी जाताना मला चुकीची लाज कमी वाटत होती आणि सुरेखाबेनचा राग जास्त येत होता. हुशारी एकवेळ मी सोसली असती. त्यांचं वागणंही माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे सोसवेना.

पुढच्या वर्षी त्यांनी एक मोठं काम हाती घेतलं. मिलवाल्यानं कापडाचा नमुना दिला की त्याच्या सगळ्यांत जवळची शेड पूर्वी कधी काढली होती, हे प्रोग्रामनंच शोधून सांगायचं. तीन महिने त्या आपल्या शाखेत काम करत होत्या. एक्केचाळीस बदल झाले. ते तपासताना मी जागा सोडल्याचेसुद्धा दोष काढू शकलो नाही. काम झालं. मुख्य कोडमध्ये मिसळायचा अधिकार तेव्हा एकट्या माझ्याकडे होता.

मी काय केलं ते सरळ सांगतो. एका शाखेतले सगळे बदल एकत्र करून एकच बदल म्हणून मिसळायची सोय गिटमध्ये आहे. पुष्कळ टीम तसं करतात, त्यात गैर काही नाही. मी ते माझ्या मशीनवरून, माझ्या नावानं केलं आणि त्यांची शाखा पुसून टाकली. एक्केचाळीस बदलांचा एक बदल झाला, त्याच्यापुढे माझं नाव लागलं. नोंद लिहिली, ‘शेड शोधण्याची सोय’. दोन मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या मिलची माणसं पाहायला आली. जिग्नेशभाईंनी कौतुकानं मोठ्या पडद्यावर आमच्या कोडचं पान उघडलं. सगळ्यांत वर माझं नाव. “वाह प्रसादभाई, आ तो जोरदार काम कर्युं तमे.” सुरेखाबेन दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग एकदाच माझ्याकडे. मग वही मिटली.

पुढचे तीन दिवस त्यांचं नेहमीसारखं चाललं होतं. बदल तपासत होत्या, डबा खात होत्या, आईशी फोनवर बोलत होत्या. मी मात्र प्रत्येक वेळी जिग्नेशभाईंच्या केबिनचं दार वाजलं की दचकत होतो. चौथ्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

“प्रसादभाऊ, ती शाखा माझ्या मशीनवर अजून आहे. पूर्ण.”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो. गिटमध्ये प्रत्येकाकडे सगळा इतिहास असतो. मी शाखा पुसली तेव्हाही मला ते ठाऊक होतं.

“मग ती परत मुख्य कोडमध्ये घ्या. जशी होती तशी.”

“तुमचं नाव...”

“नावाचं वाईट वाटलं. खोटं कसाले बोलू? त्या दिवशी घरी जाऊन वडिलांशीपण बोलले नाही. त्यांनी विचारलं, शेड बिघडली का आज. पण भाऊ, त्या एक्केचाळीसमधले एकवीस फसलेले आहेत. कोणती रीत का चालली नाही ते त्यात लिहिलंय. ते गेलं तर माझ्या जागी उद्या जो येईल तो तेच एकवीस परत करील. त्यानं आपलं काय बिघडवलंय?”

“तुम्ही जिग्नेशभाईंना का नाही सांगितलं?”

“दोनदा दारापर्यंत गेले. मग म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं, का केलं.”

काहीतरी कारण सांगता आलं असतं. इतिहास सुटसुटीत दिसावा म्हणून केलं, असं म्हटलं असतं तर त्यांना खोडता आलं नसतं. पण त्या स्टुलावर बसून खरोखरच उत्तराची वाट पाहत होत्या. मी म्हणालो, “मला तुमचा हेवा वाटतो.”

त्यांना नवल वाटलेलं दिसलं. “माझा? तुमच्याकडे शाळेत असताना कॉम्प्युटर होता. मी पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला तेव्हा बोटांना लॅबचा लाल रंग होता, तर मास्तर म्हणाले, आधी हात धुऊन ये. धुतलेलेच होते. हेवा मी करायचा, भाऊ.”

“करता?”

“करायचे. तुमचा जुना कोड वाचायचे आणि जळायचे, या माणसाला हे एकट्याला कसं सुचलं म्हणून. आता कामच एवढं असतं.”

त्या उठून गेल्या. मी दुपारभर बसून माझा तो एक बदल मागे घेतला आणि त्यांची शाखा एक्केचाळीस बदलांसकट परत मिसळली. तसं केलं की सगळ्यांना कोड नव्यानं उतरवून घ्यावा लागतो, त्यामुळे गुपचूप करण्याची सोय नव्हती. जो तो विचारू लागला. मी जिग्नेशभाईंच्या केबिनमध्ये गेलो, दार उघडं ठेवलं आणि झालेलं सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग एवढंच म्हणाले, “मर्ज हवे सुरेखाबेन करशे.” मिसळायचा अधिकार त्याच दिवशी त्यांच्याकडे गेला.

यानंतर माझं मन स्वच्छ झालं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. अधिकार गेल्याचं दुःख झालं आणि तो त्यांच्याकडे गेल्याचं त्याहून जास्त झालं. फरक एवढाच पडला की मी त्यांचे बदल अडवून ठेवणं सोडलं आणि माझ्या नोंदी दोन-तीन ओळींच्या झाल्या. त्या माझे बदल तपासायच्या तेव्हा एकही शेरा उगाच नसायचा. एकदा त्यांनी नुसतं ‘हे छान आहे’ असं लिहिलं. ते पान मी दिवसातून चार वेळा उघडून पाहिलं.

दोन वर्षांनी त्यांना पुण्याच्या एका कंपनीनं टीमप्रमुख म्हणून बोलावलं. निरोपाला जिग्नेशभाईंनी खायला सुरती लोचो आणि केक मागवला. सगळ्यांनी त्यांच्याबद्दल बोलायचं ठरलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेलो आणि परत आलो तोवर केक कापून झाला होता. जाताना त्यांनी हात जोडले, “येते, प्रसादभाऊ.” मी म्हणालो, “सांभाळून जा.” एवढंच.

पुण्याला गेल्यावर वर्षभरानं त्यांनी स्वतःचं एक छोटं काम सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुलं ठेवलं. दोन रंगांत नेमका किती फरक आहे ते मोजायचा कोड. कोणीही घ्यावा, वापरावा, दुरुस्ती सुचवावी. मला ते कळल्यावर मी तो उतरवून घेतला आणि रोज दुपारच्या सुट्टीत ओळ न् ओळ वाचू लागलो. तीन आठवडे वाचला. शेवटी सापडलं. अगदी गडद शेडना त्यांचं गणित चुकत होतं. नेव्ही ब्लू आणि काळा त्याला एकच वाटत होते. मी दुरुस्ती केली, कारण लिहिलं, पाठवून दिली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. एक तर ती चूक त्या स्वतः चार महिने शोधत होत्या. दुसरं म्हणजे त्यांनी दुरुस्ती घेतली होती, कोडच्या पानावर त्यांच्या नावाखाली आता माझं नाव लागलं होतं.

“एवढ्या आतलं तुम्हाला दिसलं कसं?” त्यांनी विचारलं.

“चूक काढायची म्हणूनच वाचत होतो,” मी म्हणालो. “हेव्यानं.”

पलीकडे त्या हसल्या. मोकळं, बराच वेळ.

“मग वाचत जा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “इतकं मन लावून माझं दुसरं कोणी वाचत नाही.”