चौथं नाव

कोरियातल्या बुसानच्या योंगदो बेटावर, धक्क्यामागच्या गल्लीत प्यो मी-रान दुकानांच्या पाट्या रंगवायची, कापडी फलक छापायची. वय त्रेचाळीस, लग्न मोडलेलं, जीभ तिखट. अल्बमचं कव्हर तिने आयुष्यात केलं नव्हतं. पण मंगळवारी सकाळी ‘खणखण’ बँडचा गायक थे-सोक दारात उभा राहिला, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही.

बँडमधले चौघेही जहाजदुरुस्तीच्या गोदीतले कामगार. त्यातला बास गिटार वाजवणारा सांग-गू महिन्याभरापूर्वी परांचीवरून पडून गेला. परांचीला कठडा नव्हता हे सगळ्या गोदीला ठाऊक होतं. तसं लिहून द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

“ताई, एकोणपन्नासाव्या दिवशी देवळात त्याचा शेवटचा विधी आहे. अल्बम तेव्हा हातात हवा. अल्बम छापणारे कारखानावाले म्हणतात, गुरुवारी बाराच्या आत चित्र द्या, नाहीतर सणानंतर बघू.”

“गुरुवारी? आणि महिनाभर काय झोपा काढत होतात?”

“रडत होतो,” तो म्हणाला.

मी-रान तशीच गोदीत गेली. दुरुस्तीला आलेल्या एका म्हाताऱ्या जहाजाच्या पत्र्यावर हातोड्यांचे हजारो वण होते. पूर्वी बायका दोरीवर लोंबकळत जहाजांचा गंज ठोकून काढायच्या. सांग-गूच्या आईनेही तीस वर्षं तेच केलं. बँडचं नाव त्याच आवाजावरून पडलं. त्या आवाजाने म्हातारीचे दोन्ही कान गेले होते. पोराचं वाजवणं तिने कधी ऐकलं असेल, तर स्पीकरवर तळहात ठेवूनच.

मी-रानने त्या पत्र्याचा फोटो काढला आणि दोन दिवस त्यावर डोळे फोडले. तांबूस गंजावर चार नावं, जणू हातोड्याने ठोकून उमटवलेली. बुधवारी थे-सोकने पाहिलं. चौथ्या, सांग-गूच्या नावावर संगणकाच्या पडद्यावरच बोट ठेवलं आणि निघून गेला.

गुरुवारी साडेदहाला सांग-गूची आई आली. ती समोरच्याचे ओठ वाचायची आणि ओरडूनच बोलायची.

“पोरी, त्याचं नाव काढ!”

“काय झालं, मावशी?” मी-राननेही आवाज चढवला.

“सही केली मी. गोदीवाल्यांच्या भरपाईच्या कागदावर. त्याचं नाव कुठे छापायचं नाही, कुठे बोलायचं नाही, असं लिहिलंय त्यात. सुनेला सातवा महिना आहे. मी गेल्यावर तिला कोण घालणार खायला?”

मी-रानने थे-सोकला फोन लावला. तो भडकला. “म्हातारीने पोरगा विकला, ताई! तुम्ही हात लावू नका.”

म्हातारी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. “शिव्या देतोय ना? देऊ दे. त्याला म्हणावं, तू पोसशील का दोघांना?”

मी-रानने ते जसंच्या तसं सांगितलं. मग तो म्हणाला, “काढा,” आणि फोन ठेवला.

तिने नाव पुसलं, जागा मात्र मोकळी ठेवली. म्हातारी वाकून बघत होती.

“ती जागा कशाला ठेवलीस? बघणारा विचारेल, इथे कोण होतं म्हणून. बुजव.”

“मावशी, एवढं तरी राहू दे.”

“बुजव म्हणते ना!”

मी-रानने तिन्ही नावं सरकवून मधोमध बसवली. तिथे चौथं कधी होतं, अशी शंकाही कुणाला आली नसती. बाराला दहा मिनिटं असताना तिने चित्र पाठवलं. म्हातारी जायला उठली, दारापाशी थांबली. “रंग बरोब्बर जमलाय,” ती म्हणाली. “गंज अस्साच दिसतो.”

देवळात तिघांनी सांग-गूच्या फोटोपुढे अल्बम ठेवला. थे-सोकने म्हातारीला नमस्कार केला नाही. तीही त्याच्याकडे बघत नव्हती. सुनेला धरून खाली बसवत होती.

पंधरवड्याने मी-रानला सोलच्या एका संगीत कंपनीचा फोन आला. कव्हर फार आवडलं होतं. “नावं किती नेमकी बसवलीत! एक रेघ इकडची तिकडे नाही. आमचंही काम कराल?”

ती हो म्हणाली. पाट्यांवर पोट भरत नव्हतं. फोन ठेवला आणि ती दुकानाचं दार अर्धं ओढून बसून राहिली. दुपारी शेजारीण गरम सूप घेऊन आली, ते तसंच निवून गेलं.