खाडाखोड नसलेली वही

आबा मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाची गणिताची वही पाहिली की बाहेरगावचे शिक्षक आधी ती उलटसुलट करून बघत. खोडलेला आकडा नाही, गिरवलेले अक्षर नाही, समासात केलेली आकडेमोड नाही. एका तपासनिसाने तर अशी एक वही शेजारच्या तालुक्यात नेऊन वर्गावर्गांतून फिरवली होती.

त्यांचे नाव विठोबा आरोसकर. आरोंद्याला खाडीच्या वरच्या अंगाला त्यांचे घर होते. हायस्कुलात त्यांनी सव्वीस वर्षे गणित आणि पदार्थविज्ञान शिकवले आणि निवृत्त झाल्यावर तेच काम घरच्या ओटीवर चालू ठेवले. त्यांची रीत ठरलेली होती. गणित प्रथम पाटीवर मांडायचे. चुकले की ओल्या फडक्याने पाटी पुसायची आणि पुन्हा मांडायचे. उत्तर बरोबर आले, की मगच ते शाईने वहीत उतरवायचे. महायुद्धाच्या वर्षांत कागद मिळेनासा झाला तेव्हा ही रीत निघाली होती. पुढे वह्या दुकानात सहज मिळू लागल्या, पण तोवर या रीतीला सदाचाराचे रूप आले होते. टंचाईतून लागलेली सवय कोणत्या दिवशी तत्त्व होऊन बसते, हे ती पाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसरा नियम असा, की हाती घेतलेले गणित सुटल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. अर्धवट सोडणे हा त्यांच्या लेखी चारित्र्याचा दोष होता.

१९६२ च्या जूनमध्ये मथुरा कुबल आपल्या मुलाला, दत्तारामला, त्यांच्याकडे घेऊन आली. ती बाजारात मासे विकत असे. नवरा समुद्रात बुडाल्यावर मुलाची दोन वर्षे चुलत्याच्या जाळ्यावर गेली होती, त्यामुळे तो अठराव्या वर्षी मॅट्रिक झाला होता. तालुक्यात दुसरा आला होता. मुंबईच्या मामाने एका इंजिनिअरिंग संस्थेच्या प्रवेश परीक्षेची माहिती पाठवली होती. वयाची अट वीस वर्षांची. म्हणजे दत्तारामच्या वाट्याला दोनच परीक्षा होत्या, त्रेसष्टच्या मे महिन्यातली आणि चौसष्टच्या. त्यानंतर ते दार त्याच्यापुरते कायमचे मिटणार होते.

"मास्तरानू, ह्येका मी होडयेर चडवूचंय नाय," मथुरा म्हणाली. "तुमी सांगशात तसा करतलो. चुकलो तर माका सांगा. वागळी माशाची शेपटी सुकवन ठेवलंय, तेनाच हाणीन."

"चुकात कशाक?" आबा म्हणाले. "माझ्याकडे चुकलेला वहीत जायतच नाय."

तिला याहून मोठे आश्वासन नको होते.

दत्ताराम कष्टाळू होता. अकरा महिन्यांत त्याने तीन जाड वह्या भरल्या. आबांची मुलगी प्रेमलता गावच्या प्राथमिक शाळेत शिकवी. संध्याकाळी ती आतल्या दारापाशी तांदूळ निवडत बसे आणि तिचे लक्ष पाटीकडे असे. एकदा ती म्हणाली, "आबा, गेल्या आठवड्यात हो हंयच चुकल्लो. गती उलट दिशेची आसा, तरी उणे चिन्ह घालूक इसारलो. आजय तसाच."

"आता सुटला मां? मगे झाला."

"सुटला. पण कित्या चुकलो, ता खंय लिवन ठेवलास?"

"चुको लिवन ठेवूक ती काय पितरांची नावां आसत?"

दत्ताराम खळखळून हसला. प्रेमलता पुन्हा तांदूळ निवडू लागली. ओले फडके पाटीवरून फिरले.

मे महिन्यात तो वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबईला गेला. तीन तासांत दहा गणिते सोडवायची होती. प्रश्न इंग्रजीत होते, पण ते त्याला अडले नाहीत. पहिल्याच गणिताने त्याला पन्नास मिनिटे थांबवले, आणि ते सोडून पुढे जायचे त्याच्या मनातही आले नाही. प्रत्येक गणित तो कच्च्या कागदावर पेन्सिलीने करी आणि मग शाईने उत्तरपत्रिकेत उतरवी. चौथ्यात शाईने लिहिताना एक आकडा चुकला, तेव्हा त्याने ते पान रद्द करून सगळे गणित पुढच्या पानावर नव्याने लिहिले. शेजारच्या बाकावरचा मुंबईचा मुलगा बेधडक रेघा मारीत, बाण काढीत, अवघड प्रश्न मागे ठेवून पुढे पळत होता. दत्तारामला त्याची कीव आली. घंटा झाली तेव्हा त्याची चार गणिते पुरी झाली होती.

"मास्तर, चार सोडवलंय," परत आल्यावर त्याने सांगितले. "चारय बरोबर."

"मगे?" आबांनी विचारले.

"बाकीची सा तशीच रवली."

निकालाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. या अपयशाचा आबांनी काढलेला अर्थ असा, की साधना कमी पडली. पावसाळाभर त्यांनी तीच गणिते पहिल्यापासून पुन्हा करून घेतली. दत्ताराम आता पूर्वीइतका बोलत नसे. वह्या पाच झाल्या, आणि दुसऱ्या संधीतले सात महिने असे गेले.

फेब्रुवारीत प्रेमलतेने शाळेतले टेबलावरचे घड्याळ घरी आणले आणि एक कोरी वही दत्तारामपुढे ठेवली. "आजपासून वेळ लावन बस. आणि जा चुकात, ता हेच्यात लिव. पुसू नको."

आबा म्हणाले, "तुझी ती वही आतल्या खोलयेत ठेव. माझ्या ओटयेर नको."

एप्रिलच्या मध्यावर तिने ती वही त्यांच्यासमोर ठेवली. चौसष्ट चुका होत्या. त्यांतल्या एकेचाळीस एकाच जातीच्या होत्या: वेग किंवा जोर उलट दिशेचा असला, की दत्तारामच्या हातून उणे चिन्ह सुटत असे. आबांनी दोनदा मोजले. मुलाला गणित येत नव्हते असे नाही. त्याला एक गोष्ट कळली नव्हती, फक्त एक, आणि जिला जागेवर बसवायला पंधरा दिवस पुरले असते ती दोन वर्षे रोज पाटीवर येऊन रोज पुसली गेली होती. पाठीमागे मुलगी उभी होती. तिच्याकडे त्यांनी मान वळवली नाही. त्या दिवसापासून ओटीवर घड्याळ आले आणि पाटी फळीवर गेली. पण हाताला लागलेले वळण चार आठवड्यांत सुटत नाही.

चौसष्टच्या परीक्षेत त्याने सात गणिते केली. दोनांत उणे चिन्ह राहिल्याचे त्याला बोटीवर, परतताना, आठवले. या वेळी प्रतीक्षा यादीत त्याचा नववा क्रमांक लागला. जुलैत त्याला वीस वर्षे पूर्ण झाली. ऑगस्टातही बोलावणे आले नाही, आणि नारळी पौर्णिमेनंतर तो चुलत्याच्या होडीवर जाऊ लागला.

गावात कोणी आबांना दोष दिला नाही. पोराचे नशीब फुटके, मुंबईत वशिला लागतो, असे लोक म्हणाले, आणि दोनतीन पालक आपापल्या मुलांना घेऊन नव्या वर्षासाठी विचारायलाही आले. आबांनी त्यांना थांबायला सांगितले. सप्टेंबरातल्या एका सकाळी ते मथुरेच्या अंगणात गेले. दत्ताराम माडाला टेकून जाळे शिवत होता. मथुरेने लगबगीने पाट मांडला.

"मथुरा, मी एक सांगूक इलंय," आबा म्हणाले. "झिल तुझो, दत्ताराम, चुकूक नाय. मी चुकलंय."

"मास्तरानू, असा बोला नको."

"माका पुरा सांगांदे."

"नको म्हणतंय मां!" ती जवळजवळ ओरडली. "तुमचो हात चुकता असा आयकान मी खंय जाव? नशीब म्हटला तर माका रडाक तरी येता. ही दोन वर्सां फुकट गेली, कोणाच्या तरी हातान गेली, असा कळला तर मी काय करू?"

आबा पाटावरून उठू लागले. शिक्षकाला चुकण्याचा अधिकारच न ठेवणारा हा आदर आपणच या गावात पेरला, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्यांचा चेहरा अगदी उतरून गेला.

"आये, बोलांदे गो त्यांका," दत्ताराम म्हणाला. त्याने वर पाहिले नव्हते. "तुका नको तर आत जा. माका आयकूचा आसा."

मथुरा आत गेली. दत्तारामने सुई जाळ्यात खोचून ठेवली आणि तो आबांकडे तोंड करून बसला.

"तू पयल्यांदा चुकलंस, तो श्रावण म्हयनो होतो," आबा म्हणाले. "पावस लागलेलो. मी बघलंय. आणि तुका पुसूक सांगलंय."