जिजामावशीची मागची भिंत

जिजामावशी भाजी घेऊन यायची, पण हाक मारायची नाही. दारात टोपली उतरवून गप्प उभी. मी कधीतरी बाहेर डोकावले की म्हणायची, "कामात होतीस ना बाय? मी उभी हाय आपली." अशी बाई धंदा काय करणार, सांगा! पण करायची. वटार गावातल्या तिच्या वाडीतलं अळू, वालाच्या शेंगा, केळफूल सगळं बघता बघता संपायचं. केळफूल तर सोलून, चिरून द्यायची. मी म्हणायचे, "अगं, मी करीन की." तर म्हणायची, "तुझे हात काले होतील." आणि स्वतःचे? ते कायमचे काळेच होते.

मी मूळची राजापूरकडची. जीभ तिखट, हे मला सासरच्यांनी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाही पटलंय. आम्ही वटारच्या रस्त्यावरच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आलो तेव्हा या बाईनेच मला गावात रुळवलं. मी तिला मावशी म्हणू लागले, आणि तिने ते नातं मनावर घेतलं. आमच्या जयवंतांना ती त्या दिवसापासून "जावयबापू" म्हणायला लागली. ते रस्त्यात दिसले तरी डोक्यावरचा पदर सारखा करायची.

तिचा नवरा काळूराम लवकर गेला. मुलगा भूपेश तेव्हा रांगत होता. वाडी तिने एकटीने राखली, पोराला मोठं केलं. तो गोखिवऱ्याला एका कारखान्यात लागला, लग्नानंतर तिथेच खोली घेऊन राहिला. "आई, चल आता," म्हणायचा. ती विचारायची, "तुझ्या खोलीत मी केल कुठं लावू?" तिचं घर कुडाचं, वर कौलं, मागे विहीर आणि केळी. तिच्याइतकी सुखी बाई मी पाहिली नाही. मला तर कधीकधी त्या सुखाचा रागच यायचा.

दोन हजार पाचच्या जुलैत पाणी आलं, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या दिवाणखान्यात गुडघाभर. मावशीच्या घराची मागची भिंत आख्खी बसली. भूपेश आला, पाहिलं आणि म्हणाला, "आई, भिंत उभी करण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत. गणपती झाले की सामान बांधायचं." दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याकडे आली ती टोपली न घेताच, तेव्हा मला कळलं की बाई आतून हलली आहे.

मग सरकार मदत देणार, तलाठी घरोघर येऊन पंचनामा करणार, असं कानावर आलं. मी म्हटलं, मिटलं! मावशीची भिंत झाली.

जयवंत विमा कंपनीत नोकरीला. ते ओला सोफा पुसता पुसता म्हणाले, "हे बरं आहे. विमा काढायचा नाही आणि पाणी शिरलं की सरकारपुढे हात पसरायचा. पैसा कुणाचा जातो? आमच्या पगारातून कापलेला."

"आणि आपल्या घराचा विमा कुठाय?" मी विचारलं.

सोफा पुसणं थांबलं. स्कूटरचा विमा होता, घराचा नव्हता! तळमजल्यावर राहून! काढू, काढू म्हणत वर्षं गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. "आणि कुडाच्या घराचा विमा काढायला तुमच्या हापिसातलं कोण गेलं होतं वटारला?" मी तेही ऐकवलं. पुढे तलाठी भाऊसाहेब आमच्याकडे आले तेव्हा जयवंतांनी पंचनाम्यावर मुकाट्याने सही केली. मी सोफा, गाद्या, फुगलेलं कपाट, काहीही आवरलं नव्हतं. आवरायचं कशाला? बघू दे ना.

भाऊसाहेब आमच्याकडून मावशीकडे गेले. संध्याकाळी मावशी हसत हसत आली. "बाय, भाऊसाहेब येऊन गेले. चहा घेतला. म्हनाले, घर किती छान ठेवलंय!"

मी हातातलं काम टाकलं. "छान म्हणजे?"

तर काय, बाईने पहाटेपासून चिखल काढला होता. जमीन सारवली. कुडांवर नवी माती लिंपून पाण्याची खूण पुसली. दारात रांगोळी घातली. आणि मागच्या भगदाडावर भूपेशच्या लग्नातली नवी कोरी चादर ताणून बांधली.

"आणि त्यांनी विचारलं नाही, नुकसान काय झालं?"

"इचारलं ना. मी म्हटलं, काय नाय, देवाची किरपा. सरकारी मानूस पयल्यांदा आपल्या दारात आला, त्याच्यापुढं रडू? पाहुन्याला रड सांगत नाय बाय आमच्यात."

मी कपाळावर हात मारला. "अगं माझे आई! तो पाहुणा नव्हता, तो पंचनामा होता! तुझ्या नावापुढे 'नुकसान नाही' लिहून गेला असेल तो. जा आता गोखिवऱ्याला!"

ती मटकन पायरीवर बसली. "मंग माझी वाडी?" एवढंच म्हणाली. मला भडभडून आलं. स्वतःचाच राग आला, तिचा आला, त्या चादरीचा आला.

सकाळी तिला घेऊन तलाठ्यांकडे गेले. माणूस भला होता, कामाने पिचलेला. म्हणाला, "बसा मावशी. काय काम काढलंत?"

मावशी म्हणाली, "काय नाय. तुमी बरे हाव ना?"

आता त्यांच्या दारात ती पाहुणी! पाहुणीने मागायचं कसं? शेवटी मीच सुटले. भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, मी डोळ्यांनी पाहिलंय, घर लख्ख होतं. खोटं कसं लिहू?"

"खोटं नकोच. खरं बघायला चला."

कुरकुरत का होईना, आले. घरात शिरताच मावशी चुलीकडे वळली. मी चुलीपुढे आडवी उभी राहिले. "चहा नाही!"

"अगं, दारात आलेलं मानूस..."

"चहा पाजलास की पाहुणा होतो. उभं राहू दे तसंच."

भाऊसाहेबांना हसू आलं. "मावशी, आज मी पाहुणा नाही. खरंच नाही." मी जाऊन चादर ओढली. पलीकडे थेट विहीर आणि केळी. शेजाऱ्याची कोंबडी आमच्यादेखत आत आली आणि चुलीपर्यंत गेली.

भाऊसाहेबांनी भगदाडातून डोकं बाहेर काढून पाहिलं. "हे काल का नाही दाखवलंत?"

"लाज वाटली," मावशी म्हणाली.

पंचनामा नव्याने झाला. परतताना तिने विचारलं, "ह्यो पैसा कोनाचा बाय?"

"सरकारचा."

"सरकारनं कुठून आनला?"

माझं डोकं अजून तापलेलंच होतं. "लोकांच्या पगारातून कापतात. आमच्या ह्यांच्याही." मला वाटलं, विषय संपला.

पैसे आले. सगळ्या भिंतीला पुरणारे नव्हते, पण भूपेशने सुट्टी काढली, शेजारपाजाऱ्यांनी हातभार लावला, आणि दिवाळीच्या आत विटांची भिंत उभी राहिली. गोखिवऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. मावशीने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. जयवंत म्हणाले, "मी कशाला? तुम्ही मावशी-भाची बसा." मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं.

तांदळाच्या भाकरी, केळफुलाची भाजी, सुकटीची चटणी. मावशीने जयवंतांचा पाट नव्या भिंतीला लावून मांडला होता. ते पाट पुढे ओढून ताठ बसले. ऑफिसात बसतात तसे.

"टेका ना जावयबापू."

"नको मावशी, बरा आहे."

"टेका हो! तुमच्या पगाराची भिंत हाय. तुमीच नाय टेकलात तर कोन टेकनार?"

जयवंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी मोडत राहिले. मग त्यांनी पाट मागे सरकवला, पाठ टेकली, डोकंही टेकलं, आणि आणखी एक भाकरी मागितली.