मामाची पांढरी साडी

आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते आणि ती मामाकडून येते. लग्नाचा बाकीचा बस्ता कुठेही फाडा, ही एक साडी मात्र अमरावतीच्या आमच्या दुकानातली. आमच्या म्हणजे आधी वडिलांच्या, आता धाकट्या भावाच्या. बौद्ध धर्म घेतल्यावर आमच्या माणसांत लग्नाला पांढरं आलं, पण वडिलांच्या तरुणपणीसुद्धा बाजारात पांढरी साडी मागितली की दुकानदार विचारायचे, "लग्नाले पांढरं काहून?" त्या प्रश्नाच्या रागातूनच वडिलांनी दुकान टाकलं. तिथे कुणी काही विचारायचं नाही. गादीवर बसायचं, चहा प्यायचा आणि दुधी, मोतिया, निळ्या काठाची, जरीच्या बुट्ट्यांची अशा साड्या डोळे भरून बघायच्या. पांढरा हा एकच रंग असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरीला. सुट्टीत घरी आली असताना साडीचा विषय निघाला तर तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पांढरी हातमागाची साडी, बारीक निळा काठ, पदरावर पिंपळाची पानं विणलेली. म्हणाली, "आई, मला हीच पाहिजे. मामाकडे असली नसते गं."

मी तिच्यावर चिडले. मी, तुझ्या मावश्या, मावसबहिणी, सगळ्या त्याच गादीवरून साडी घेऊन बोहल्यावर चढलो, वगैरे सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. तिचं लग्न, तिची साडी. खरं सांगायचं तर फोटो बघताना माझंही मन त्या पदरावर बसलं होतं. राग त्याचाच जास्त आला.

भावाला फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मी अकोल्याहून एसटी धरून अमरावतीला गेले. दुकानात दोन बायका साड्या बघत होत्या. एकीने पदर हातात घेऊन चुरगळून पाहिला, दुसरीने फोटो काढला, मग दोघी "येतो नंतर" म्हणून उठल्या. भाऊ त्यांना म्हणाला, "उजेडात काढा ना फोटो, इथं नीट येत नाही." मला वाटलं, हा टोमणा मारतोय. पण तो खरोखरच साडी उचलून दाराशी गेला आणि त्यांच्यासाठी धरून उभा राहिला.

त्या गेल्यावर उघडलेल्या साड्यांच्या घड्या घालत तो म्हणाला, "हात लावून पायतेत इथं, अन् घेतेत मोबाइलवर. काय करतं आता?"

मी त्याला लेकीने माझ्या मोबाइलवर पाठवलेला फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा करून काठ पाहिला, पदर पाहिला. मग कुठे कुठे फोन लावले. प्रत्येक व्यापारी एकच सांगायचा: एक नग मिळणार नाही, अख्खा गठ्ठा घ्या. पूर्वी अख्खा गठ्ठा त्याच्याकडे एका लगीनसराईत उडायचा. आता गेल्या सालच्याच साड्या कपाटात पडून होत्या. त्याने फोन खाली ठेवला.

"राहू दे रे," मी म्हटलं, "ती मागवते म्हणते तिची ती."

"ते नाही जमायचं, ताई. मामाची साडी मामानंच घ्यायची. मले शिकव कशी मागवतेत ते. पैसे मी भरतो. पता मात्र दुकानाचा टाक."

मग आमच्या वडिलांच्या गादीवर बसून मी भावाला दुसऱ्याच्या दुकानातून साडी मागवायला शिकवलं. तो एकेक अक्षर वाचून बोट ठेवत होता. लेकीला दुखवता येईना आणि याला थांबवता येईना.

पार्सल आलं तेव्हा मी आहेराच्या साड्या घ्यायला पुन्हा तिथेच होते. त्या गरजेपेक्षा जास्तच घेत होते आणि ते त्यालाही कळत होतं. पार्सलवाला भावाच्या ओळखीचा. गल्लीत कुणी घरी नसलं की सगळ्यांची खोकी तो याच्याच दुकानात ठेवून जायचा. आज हसून म्हणाला, "भाऊ, आज तर तुमचंच हाय!"

भावाने खोकं उघडलं, साडी गादीवर पसरली. मी मनातल्या मनात घोकत होते, वाईट निघू दे. रंग उडालेला असू दे, काठ वाकडा असू दे. त्याने चिमटीत कापड धरलं, उलट्या बाजूने वीण पाहिली, पदर उजेडात नेला. बराच वेळ लावला त्याने.

"चांगली हाय, ताई," तो म्हणाला. "लय चांगली हाय."

शेजारच्या बाईकडून त्याने फॉल-पिको करून घेतलं. स्वतः इस्त्री केली. आणि वडिलांच्या वेळेपासून चालत आलेल्या, दुकानाचं नाव छापलेल्या पिशवीत ती घातली.

अकोल्यात लग्न लागलं. वंदना झाली, फुलं पडली आणि लेक अशी दिसत होती की माझा सगळा राग विरघळला. जेवणाच्या वेळी माझी चुलत नणंद, बाळापूरची, नवरीचा पदर हातात घेऊन बघत बसली. मग भावाला हाक मारली.

"तुमच्याच दुकानातली ना हे, भाऊ? मी पिशवी पाह्यली तवाच म्हटलं. असं कापड बाकी कुठी भेटते?"

लेकीने मान खाली घातली. भाऊ हो म्हणाला.

"माह्या पोरीचंही जमून राह्यलं. अशीच पाहिजे तिले. आमी सगळे येतो अमरावतीले, पुरा बस्ता तुमच्याचकडं फाडतो."

पूर्वी असं कुणी म्हटलं की भाऊ लगेच विचारायचा, किती जण येता, जेवायला काय करू. त्याने हातातलं ताट खाली ठेवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं.

"एकच होती, बाई," तो म्हणाला. "संपली."