गोळीला वास नव्हता

“पान खोटं बोलत नाही, बोलते ती पुडी.” माझी आत्या हे उठताबसता म्हणायची. कुणी विचारलं तरी म्हणायची, नाही विचारलं तरी म्हणायची. पानं वाळवायच्या शेडचा मालक नव्या पुड्या छापून आणायचा तेव्हा तर त्याच्या तोंडावर म्हणायची. तो हसून घ्यायचा, कारण तिच्यासारखी पानं निवडणारी बाई त्याला दुसरीकडे मिळाली नसती.

आमच्या टेकडीच्या उतारावर सेज या विलायती औषधी पाल्याची झुडपं लावलेली आहेत. करड्या-हिरव्या रंगाचं, मांजराच्या कानासारखं लवदार पान. उग्र म्हणावा तर उग्र, गोड म्हणावा तर गोड असा त्याचा वास. झुडपांवरून पान माझ्या टेम्पोतून शेडमध्ये यायचं. तिथे जाळीच्या फळ्यांवर ते सावलीत वाळायचं आणि मग आत्याच्या हाताखाली जायचं. काळं पडलेलं पान, दांडीचा तुकडा, चुकून आलेलं गवत हे सगळं ती न बघता बाजूला काढायची. चांगलं पान तळहातावर चोळून हुंगायची आणि मान हलवायची. तिची मान हलली की माल पास. इतकी वर्षं तिने ते पान चोळलं की वास तिच्या हातात मुरला होता. साबणाने जायचा नाही. ती दारातून आत आली की घरात आधी सेज यायची, मग आत्या.

तिचे यजमान, आमचे काका, सायकली दुरुस्त करायचे. घराच्या ओट्यावरच त्यांचं दुकान. वाकडं चाक बोटाने फिरवून कुठली तार सैल आहे ते सांगायचे. मग हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी गिऱ्हाइकाचं नाव विसरले, मग गिऱ्हाईक विसरले. एक दिवस एका बाईची सायकल उकलून ठेवली आणि संध्याकाळी तिलाच विचारलं, की हे सुटे भाग विकायला आणलेत का. बाई भली होती. हसली आणि भाग पिशवीत भरून घेऊन गेली. ओटा त्या दिवशी बंद झाला.

त्यांचा मुलगा, माझा आतेभाऊ, लांबच्या शहरात होता. तो आला आणि म्हणाला, बाबांना मी घेऊन जातो, तिकडे दिवसभर बघणारी माणसं ठेवता येतील. चुकीचं काही बोलत नव्हता. आत्या दिवसभर शेडमध्ये, काका घरात एकटे, आणि शेगडी पेटती राहिली तर? पण काका त्या घरातून गेले तर उरलंसुरलंही पुसलं जाईल, अशी आत्याला धास्ती होती. आणि तिने सोबत जायचं तर सुनेच्या दोन खोल्यांत चौघं आधीच दाटीने राहत होती.

नेमकं तेव्हाच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शेडमध्ये आल्या. सेजच्या गोळीचा विसरभोळेपणावर काही उपयोग होतो का, ते त्यांना तपासायचं होतं. मालकाला वाटलं, आता पुडीवर डॉक्टरांचं नाव छापता येईल. बाईंनी तिथेच त्याचं विमान खाली उतरवलं. म्हणाल्या, काही लहान अभ्यासांत आठवण आणि लक्ष थोडं सुधारलेलं दिसलंय, पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघतात त्याही कमी झालेल्या दिसल्यात. पण त्यांत माणसं थोडी होती आणि काळही थोडा. तेवढ्यावर छातीठोक काही सांगता येत नाही. आणि झाडपाला आहे म्हणून निरुपद्रवी समजू नका. याचं तेल जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. साखरेचं औषध चालू असेल, पोटात बाळ असेल, तर विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

“मग पुडीवर ‘स्मरणशक्ती दुप्पट’ लिहिलंय ते?” आत्याने मालकाकडे बघत विचारलं.

“ते तुमच्या मालकांना दुप्पट आठवत असेल,” बाई म्हणाल्या. निवडणाऱ्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

काकांचं नाव त्या अभ्यासात घातलं. अर्ध्या लोकांना सेजची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाला कुठली ते बाईंनाही शेवटपर्यंत कळणार नव्हतं. आतेभावानेही मान्य केलं. अभ्यास संपेपर्यंत बाबा इथेच राहू देत, म्हणाला. गोळी लागू पडली तर ठीक, नाहीतर मी न्यायला येतो.

गोळी दुपारच्या जेवणानंतर द्यायची होती. म्हणून आत्या रोज दुपारी शेडमधून थेट घरी यायला लागली. पहिल्याच दिवशी तिने बाटलीतली गोळी तळहातावर घेतली, नाकाशी नेली आणि तिचा चेहरा उजळला. पोकळ कुठली, सेज होती ही! पान खोटं बोलत नाही. कुणाला सांगायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून तिने फक्त मला सांगितलं. टेम्पोत शेजारी बसून, जणू काही चोरीचा माल सांगतेय अशा आवाजात.

आणि काका सुधारले की हो! निदान आणखी घसरले नाहीत. दुपार झाली की दारात उभे राहायचे, हात पुढे करून. सदऱ्याची बटणं नीट लावायचे. एकदा माझ्या टेम्पोकडे बघून म्हणाले, मागच्या चाकात हवा कमी आहे. होतीच कमी. आत्या त्यांच्याजवळ बसून शेडमधली सगळी भांडणं सांगायची, ते गालात हसायचे. गोळी गिळून झाली तरी ती बराच वेळ उठायची नाही.

अभ्यास संपला. काकांना कुठली गोळी होती हे कळायची आत्याला कसली घाई, तिला माहीतच होतं. दवाखान्यात गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, “काकांना पोकळ गोळी होती.”

आत्या रागावली नाही. नुसती म्हणाली, “बाई, जाळीतून पान पडलं तरी मला वासावरून कळतं.”

बाईंनी वाद घातला नाही. उरलेली बाटली घेतली, आपले हात धुतले, एक गोळी स्वतःच्या तळहातावर ठेवली आणि हात आत्यासमोर धरला. आत्या वाकली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. साबणाचा वास होता, आणखी काही नाही. मग तिने सावकाश आपलाच तळहात नाकाशी नेला, आणि तो तसाच राहिला.

मग काका टिकले कशामुळे, हे तिने विचारलं. बाई म्हणाल्या, एका माणसावरून मला सांगता येणार नाही. वेळेवर जेवण, सोबत, की आजार आपणहून थबकला, कोण जाणे. पुढे तो वाढणारच. पाल्याची गोळी घेतलेल्यांत थोडा फरक दिसतोय, पण माणसं कमी आहेत, अजून बघावं लागेल. सरळ बोलणारी बाई होती.

आतेभाऊ दुसऱ्या दिवशी आला. काकांची बॅग भरून ठेवलेली होती. आत्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, घरात खरं तिला आणि मलाच ठाऊक होतं. मी तर तिच्याकडे डोळ्यांनी विनवत होतो.

“लागू पडलं ना औषध?” आतेभावाने विचारलं.

“औषध नव्हतंच रे,” आत्या म्हणाली. “पोकळ गोळी होती. माझ्या हाताचाच वास होता.”

दुपारची वेळ होती. काका सवयीने दारात येऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. द्यायला आता काही नव्हतं. आत्याने आपला रिकामा हात त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उचलून हुंगला, जसं ती पान हुंगायची तसं, आणि मान हलवली.

“आलीस,” म्हणाले. “उशीर केलास आज.”

आतेभाऊ बराच वेळ अंगणात उभा राहिला. आत येऊन त्याने बॅग उचलली आणि पुन्हा कपाटाखाली सरकवली. म्हणाला, शेगडीचं मी बघतो, विजेची घेऊन देतो. पण दिवसभर एकटं ठेवायचं नाही, आई. आत्या म्हणाली, कोण ठेवतंय? ते येतील माझ्याबरोबर. शेडमधल्या हातगाड्यांची चाकं कधीची करकरताहेत.

मग तिने त्यांना चपला घातल्या. ओट्यावरून नट आवळायचा पाना उचलून त्यांच्या खिशात टाकला. दोघं शेडच्या वाटेला लागली. काकांनी मध्येच थांबून कुठे चाललोय ते विचारलं असावं, कारण आत्याने टेकडीकडे बोट दाखवलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा थांबले, पुन्हा तिचं बोट वर गेलं. मी आणि आतेभाऊ ओट्यावरून बघत होतो. दोघं झुडपांच्या वळणाआड गेली तरी तो आत आला नाही.