थोरल्या काकांचं टेबल

अख्खी मतदारयादी तोंडपाठ असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे थोरले काका. दौंडला रेल्वेतून रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात. काकांनी यादी हाती घेतली. कोण वारलं, कोण नांदायला गेली, कोणाला अठरा पूर्ण झाली, सगळं जिभेवर. लग्नात नवरीच्या गळ्यात हार पडतो न पडतो तोच विचारायचे, "पोरी, सासरी नाव लावायचा फॉर्म भरलास का?" मयताच्या घरी हळहळून झालं की नाव कमी करायचा अर्ज हलकेच पुढे सरकवत. लोक चिडत, पण सही करत. मतदानादिवशी केंद्राबाहेर प्रत्येक पक्षाचं टेबल असतं, तिथे नाव शोधून चिठ्ठी देतात. काकांच्या टेबलावरची यादी कधी उघडलीच गेली नाही.

त्या वर्षी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता, पद बाईसाठी राखीव, आणि उभी कोण, तर काकांची सून, आमची वहिनी. आमच्या वस्तीत नळ यावा म्हणून उभी राहिलेली. समोर एका बड्या बागायतदाराची बायको. लढत इतकी अटीतटीची की टपरीवर कुणी चहाचीसुद्धा पैज लावेना.

मतदानाच्या दुपारी त्या बागायतदारणीच्याच भावकीतले एक म्हातारे आप्पा घरच्या पाच जणांसह त्यांच्या टेबलावरून हिरमुसून निघाले. नावं सापडत नव्हती. काका ताडकन उठले. "आप्पा, थांबा की! तुमची नावं स्टेशनाजवळच्या शाळंत गेल्यात. बसा रिक्षात."

मी कानाशी लागलो, "काका, ही समोरची मतं हायेत!"

"आसू दे. इंग्रजाच्या राज्यात माझ्या आज्याला मतच नव्हतं, पोरा. मी कुनाचं वाया जाऊ देनार न्हाई."

आणि वहिनीचं पोस्टर लावलेली आमचीच रिक्षा त्या सहा जणांना घेऊन गेली.

आम्ही चार मतांनी पडलो.

घरात सगळे काकांवर तुटून पडले. मीही नको ते बोललो. काका मान खाली घालून म्हणाले, "सूनबाई, माझ्यामुळं पडलीस."

वहिनीने डोळे पुसले. "व्हय मामा, तुमच्यामुळंच पडले. पर त्यास्नी माघारी धाडून जिंकले असते, तर तुमच्याकडं वर मान करून बघता आलं नसतं. उद्या नळाचा अर्ज घिऊन त्या बाईंकडं जानार हाय. तुम्ही चला संगं."

दोघं गेले. अर्जाखाली पहिली सही आप्पांनी केली. पाणी यायला दोन वर्षं लागली, पण आलं. काका आता नाहीत. हरावं तर असं, हे मला फार उशिरा कळलं, आणि त्या दिवशी बोललो त्याची माफी मागायची राहूनच गेली.